लाल लेझर डायोड वारंवार निकामी होतो: कारण कसे शोधावे आणि पुढची रचना कशी करावी

तक्रारीचे स्वरूप ठरलेले असते. बारकोड वाचणारे यंत्र असो, टाइल बसवणाऱ्याचे लेझर लेव्हल असो की यंत्रावर रेषा पाडणारे मॉड्यूल असो, लाल लेझर काही आठवडे व्यवस्थित चालतो आणि मग त्याचा प्रकाश मंद पडतो किंवा एका दिवशी तो लागतच नाही. नवा डायोड बसवला की उपकरण पुन्हा सुरू होते, आणि काही आठवड्यांनी तोच प्रकार घडतो. मग पुरवठादाराला दोष दिला जातो, दुसऱ्या उत्पादकाचा डायोड मागवला जातो आणि तोही त्याच मार्गाने जातो. एखादा डायोड निकामी झाला तर तो डायोडचा दोष असू शकतो. पण एकाच जागी तिसरा डायोड जळला असेल, तर त्याला करंट देणारी, त्याची उष्णता वाहून नेणारी किंवा त्याच्यासमोर काच धरणारी रचना सदोष आहे असेच मी धरून चालतो. जळालेला डायोड सर्वप्रथम फेकून दिला जातो, ही या कामातील सर्वांत महागडी सवय आहे, कारण तो कशाने गेला याचा पुरावा त्याच्यातच असतो.

पुढील विवेचन मुख्यतः ६३५ ते ६६० नॅनोमीटर तरंगलांबीच्या, गॅलियम आर्सेनाइडच्या पायावर वाढवलेल्या ॲल्युमिनियम-गॅलियम-इंडियम-फॉस्फाइड डायोडांना लागू आहे. निळ्या-जांभळ्या गॅलियम नायट्राइड डायोडांचे दुखणे थोडे वेगळे असल्याने त्यांच्याबद्दल शेवटाकडे लिहिले आहे. बाजारातील बहुतेक स्वस्त हिरव्या पॉइंटरांत हिरवा डायोड नसतोच. ८०८ नॅनोमीटरच्या अवरक्त डायोडने स्फटिक उत्तेजित करून, मिळालेल्या १०६४ नॅनोमीटरची तरंगलांबी निम्मी करून ५३२ नॅनोमीटर मिळवलेले असतात. त्यामुळे त्यांच्या बिघाडाला पुढचे निकष लावू नयेत.

निकामी डायोडचे पहिले मोजमाप

डायोड काढण्यापूर्वी, किंवा काढल्यानंतर चांगल्या हीटसिंकवर, म्हणजे उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या ठोकळ्यावर बसवून, त्याचा करंट शून्यापासून दोन-दोन मिलिॲम्पिअरने वाढवावा आणि प्रत्येक पायरीला प्रकाशशक्ती व व्होल्टेज नोंदवावे. पॉवर मीटर नसेल तर एक फोटोडायोड (प्रकाशाचे विजेत रूपांतर करणारा डायोड) आणि मल्टिमीटर पुरतो, कारण येथे खरे मूल्य नव्हे तर आलेखाचा आकार हवा असतो. ५ मिलिवॅटच्या, ६५० नॅनोमीटरच्या डायोडचा निरोगी आलेख ढोबळमानाने असा असतो: सुमारे २० मिलिॲम्पिअरच्या थ्रेशोल्डपर्यंत, म्हणजे खरा लेझर प्रकाश सुरू होतो त्या करंटपर्यंत, केवळ एलईडीसारखा फिका प्रकाश, त्यानंतर दर मिलिॲम्पिअरला सुमारे अर्धा मिलिवॅट अशी सरळ चढती रेषा, आणि ३० मिलिॲम्पिअरला ५ मिलिवॅट, तेव्हा डायोडवर साधारण २.२ ते २.४ व्होल्ट.

निकामी डायोडचा आलेख याहून वेगळा पडतो आणि तो कोणत्या दिशेने वेगळा पडला यावर पुढचा सगळा शोध अवलंबून असतो. थ्रेशोल्ड वाढला आहे पण त्यानंतरची रेषा बऱ्यापैकी तशीच चढते आहे, असे दिसल्यास चिपच्या आतील प्रकाश देणाऱ्या थरात दोष साचले आहेत, आणि त्यामागे बहुधा उष्णता असते. व्होल्टेज जवळजवळ पूर्ववत आहे, फिका लाल प्रकाशही दिसतो, परंतु कितीही करंट दिला तरी थ्रेशोल्ड येतच नाही, असे असल्यास चिपची फॅसेट, म्हणजे जिच्यातून प्रकाश बाहेर पडतो ती आरशासारखी बाजू, जळाली आहे. व्होल्टेज एक व्होल्टच्या खाली घसरले असेल तर जंक्शनच, म्हणजे चिपमधील पी आणि एन थरांचा सांधाच, शॉर्ट झाले आहे; स्थिर विद्युत, उलटे व्होल्टेज किंवा मोठा करंट ही त्याची नेहमीची कारणे होत. डायोड पूर्णपणे ओपन दिसत असेल तर आतली सोन्याची तार वितळली असण्याची शक्यता अधिक. आलेखात मध्येच खोबण किंवा उडी दिसली, तर बहुधा डायोड मेलेला नसून त्याला समोरून परतलेला प्रकाश त्रास देत आहे.

फॅसेट जळाल्याचा संशय असल्यास सूक्ष्मदर्शकाखाली, पुरवठा बंद ठेवून, डायोडच्या धातूच्या डब्याच्या काचेतून चिपची कड पाहावी. वस्तू आणि भिंग यांत पुरेसे अंतर ठेवणारे ऑब्जेक्टिव्ह येथे आवश्यक आहे. निरोगी फॅसेट काचेसारखी सपाट दिसते. जळालेल्या फॅसेटवर प्रकाश निघण्याच्या जागी एक-दोन मायक्रोमीटरचा काळा ठिपका किंवा फुगवटा दिसतो. याहून खात्रीची पद्धत म्हणजे थ्रेशोल्डच्या खाली, पाच-सहा मिलिॲम्पिअरवर डायोड चालवून त्याच्या फॅसेटची प्रतिमा भिंगातून कॅमेऱ्यावर पाडणे. जिथे प्रकाशाचा अखंड ठिपका दिसायला हवा तिथे मधोमध अंधार असेल तर निदान झाले. कॅमेऱ्याऐवजी डोळा लावण्याचा मोह कोणत्याही परिस्थितीत टाळावा.

एक सावधगिरी येथेच सांगणे आवश्यक आहे. ज्या मॉड्यूलमध्ये डायोडच्याच डब्यातील मॉनिटर फोटोडायोडवरून प्रकाशशक्ती स्थिर राखली जाते, तिथे “काल ठीक होता, आज अचानक गेला” हे निरीक्षण फसवे असते. डायोड हळूहळू म्हातारा होत असताना ड्रायव्हर, म्हणजे त्याला करंट देणारे सर्किट, करंट वाढवत राहतो, प्रकाश तेवढाच राहतो, आणि ड्रायव्हरची मर्यादा किंवा फॅसेटची सहनशक्ती संपते तेव्हाच वापरणाऱ्याला काही कळते. वरवर अचानक दिसणारा हा मृत्यू अनेक आठवड्यांचा असू शकतो. यावर उपाय साधा आहे: डायोडच्या मालिकेत एक ओहमचा रोधक घालून त्यावरचे व्होल्टेज आठवड्यातून एकदा, एकाच तापमानाला नोंदवावे. प्रकाश स्थिर असूनही करंट चढत असेल तर आजार हळूहळू वाढणारा आहे आणि त्याचा शोध ड्रायव्हरच्या झटक्यांत नव्हे तर उष्णतेत घ्यायचा आहे.

लाल रंग इतका नाजूक का

अवरक्त डायोडांवर हात बसलेले अभियंते लाल डायोडशी तसेच वागतात आणि तिथेच बिघाडाची सुरुवात होते. लाल प्रकाश देणाऱ्या थरातील इलेक्ट्रॉनांना तिथेच अडवून ठेवणारी पी-बाजूची क्लॅडिंगची (बाहेरच्या आवरण-थराची) ऊर्जेची भिंत या पदार्थप्रणालीत बुटकी असते. तापमान वाढले की इलेक्ट्रॉन ती ओलांडून पलीकडे जातात, प्रकाश न देता उष्णता देतात, आणि त्या उष्णतेने आणखी इलेक्ट्रॉन पलीकडे जातात. तरंगलांबी जितकी कमी तितकी ही भिंत सापेक्षतः अधिक बुटकी, म्हणून ६३५ नॅनोमीटरचा डायोड डोळ्याला अधिक तेजस्वी वाटत असला तरी तो ६५० किंवा ६६० च्या डायोडपेक्षा उष्णतेला अधिक हळवा असतो. उपकरणाला डोळ्याच्या संवेदनशीलतेची गरज नसेल, म्हणजे प्रकाश कॅमेऱ्यावर किंवा फोटोडायोडवरच पडणार असेल, तर ६३५ चा आग्रह धरणे मला अनावश्यक वाटते.

थ्रेशोल्ड तापमानाबरोबर घातांकी पद्धतीने वाढतो आणि ती वाढ किती तीव्र हे एका वैशिष्ट्य तापमानावरून ठरते. ६५० च्या आसपास ते ८० केल्विन धरले, तर २५ अंश सेल्सिअसला २० मिलिॲम्पिअर असलेला थ्रेशोल्ड ६० अंशांना ३१ वर जातो. ६३५ साठी ६० केल्विन धरल्यास तोच सुमारे ३६ होतो. गॅलियम नायट्राइडच्या निळ्या डायोडसाठी १५० केल्विन धरल्यास तो केवळ २५ च्या आसपास राहतो.

हेच गणित उलट दिशेनेही घातक ठरते, आणि ही बाजू बहुतेकांच्या लक्षात येत नाही. समजा स्थिर करंट देणाऱ्या मॉड्यूलचे सेटिंग मे महिन्यात नागपुरात, डबा ४५ अंशांवर असताना ५ मिलिवॅटवर केले. त्या वेळी थ्रेशोल्ड सुमारे २५.७ असल्याने करंट ३५.७ मिलिॲम्पिअरवर बसतो. तेच लेव्हल डिसेंबरात निफाडच्या शिवारात पहाटे १० अंशांना सुरू केले, तर थ्रेशोल्ड १६.६ वर उतरतो आणि डायोड ५ ऐवजी साडेनऊ मिलिवॅट देऊ लागतो. फॅसेटवरचा भार जवळपास दुप्पट होतो, शिवाय लेझर सुरक्षेच्या वर्गवारीत ५ मिलिवॅटच्या मर्यादेतील ३आर वर्गाचे म्हणून दिलेले उपकरण प्रत्यक्षात अधिक धोकादायक ३बी वर्गात जाते. म्हणून स्थिर करंटचे सेटिंग नेहमी अपेक्षित सर्वांत कमी तापमानाला तपासावे.

फॅसेटवर काय घडते

५ मिलिवॅट ही शक्ती क्षुल्लक वाटते, पण ती सुमारे १ बाय ३ मायक्रोमीटरच्या ठिपक्यातून बाहेर पडते, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे दीड लाख वॅटहून अधिक. फॅसेटच्या पृष्ठभागावर स्फटिकाची रचना तुटलेली असल्याने तिथे थोडा प्रकाश शोषला जातो आणि उष्णता निर्माण होते. तापलेल्या भागाचा ऊर्जापट्टा (प्रकाश शोषण्यासाठी लागणाऱ्या किमान ऊर्जेचे अंतर) आक्रसतो, त्यामुळे तो आणखी प्रकाश शोषतो आणि आणखी तापतो. दर चौरस सेंटिमीटरला काही दशलक्ष वॅट ओलांडले की हे चक्र आवरत नाही आणि स्फटिक वितळतो. या सगळ्याला एक मायक्रोसेकंदही लागत नाही, त्यामुळे फ्यूज, रिले किंवा मायक्रोकंट्रोलर यांपैकी कशाचाही येथे उपयोग नाही.

वरील डायोडला क्षणभर २०० मिलिॲम्पिअर अधिक मिळाले, तर तो क्षणभर १०० मिलिवॅट देऊ पाहील आणि फॅसेटवरची घनता ३० लाख वॅटच्या पुढे जाईल. असा झटका कुठून येतो, हे एका अतिशय लोकप्रिय सर्किटवरून पाहू. एलएम३१७ ही व्होल्टेज नियामक चिप स्थिर करंटसाठी वापरून ४२ ओहमच्या रोधकाने ३० मिलिॲम्पिअर ठरवलेले असतात, पुरवठा ९ व्होल्टचा असतो, आणि “संरक्षण” म्हणून ड्रायव्हरच्या बाहेरच्या टोकाला १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावलेला असतो. डायोड मात्र एका कनेक्टरमधून जोडलेला असतो. त्या कनेक्टरचा संपर्क क्षणभर सुटला की करंटला वाट उरत नाही, नियामक बाहेरचे व्होल्टेज चढवत नेतो आणि कपॅसिटर सुमारे ७ व्होल्टपर्यंत भरतो. संपर्क परत जुळताच तो कपॅसिटर थेट डायोडमध्ये रिकामा होतो. मध्ये केवळ चार-पाच ओहमचा अंतर्गत रोध असल्याने पहिला करंट ०.९ ॲम्पिअरच्या घरात जातो आणि तो ५० मायक्रोसेकंद टिकतो. यंत्राच्या कंपनाने कनेक्टर जितक्या वेळा थरथरला तितक्या वेळा हा प्रहार होतो. टेबलावर उत्तम चालणारे मॉड्यूल यंत्रावर चढवले की काही आठवड्यांत का जाते, याचे उत्तर अनेकदा एवढेच असते.

दुरुस्ती एका रोधकाची आहे. कपॅसिटर आणि डायोड यांच्यामध्ये, डायोडच्या पायांलगत १०० ओहम घालावा. त्यावर ३० मिलिॲम्पिअरला ३ व्होल्ट पडतात आणि ९ व्होल्टच्या पुरवठ्यात ते सामावतात. आता तोच कपॅसिटर रिकामा झाला तरी करंट ४५ मिलिॲम्पिअरच्या आसपास थांबतो, आणि नियामक शॉर्ट झाला तरीही दोन्ही रोधक मिळून तो ४७ च्या वर जाऊ देत नाहीत. शक्य असेल तर कनेक्टर ड्रायव्हरच्या आधी, पुरवठ्याच्या बाजूला न्यावा आणि ड्रायव्हर, कपॅसिटर व डायोड एकाच छोट्या बोर्डावर ठेवावेत. डायोडला समांतर एक उलटा शॉटकी डायोड लावावा, कारण बहुतेक लाल लेझर डायोडांची उलट्या व्होल्टेजची मर्यादा केवळ २ व्होल्ट असते आणि शेजारच्या रिलेच्या किंवा मोटारीच्या तारेतून तेवढे सहज येते.

मॉनिटर फोटोडायोड असलेल्या ड्रायव्हरमध्ये आणखी एक सापळा आहे. फोटोडायोडची तार तुटली तर ड्रायव्हरला वाटते की प्रकाशच नाही, आणि तो जमेल तेवढा करंट देतो. म्हणून प्रत्येक नवा बोर्ड हाती आल्यावर लेझरच्या जागी साधा लाल एलईडी आणि छोटा रोधक लावून, फोटोडायोडची जोडणी मुद्दाम सोडून, करंट कुठे जाऊन थांबतो हे मोजावे. तो डायोडच्या कमाल मर्यादेच्या वर थांबत असेल तर तो बोर्ड वापरण्यायोग्य नाही, मग त्याचे माहितीपत्रक काहीही म्हणो.

ड्रायव्हर निर्दोष ठरूनही फॅसेट जळत असेल तर डायोडच्या निवडीकडे वळावे. अधिक शक्तीच्या लाल डायोडांत फॅसेटजवळच्या काही मायक्रोमीटरमध्ये जस्ताचे विसरण करून क्वांटम वेल, म्हणजे प्रकाश देणारे अतिपातळ थर, विस्कटलेल्या असतात, त्यामुळे त्या टोकाचा ऊर्जापट्टा रुंदावतो आणि स्वतःचाच प्रकाश तिथे शोषला जात नाही. अशा ‘खिडकी’च्या रचनेचा ५० मिलिवॅटचा डायोड १० मिलिवॅटवर चालवणे हे ५ मिलिवॅटचा डायोड ५ वरच चालवण्यापेक्षा कितीतरी सुरक्षित आहे. जुन्या डीव्हीडी रायटरमधून काढलेल्या डायोडांबाबत मात्र सावध राहावे. त्यांच्यावरील मोठे आकडे अतिशय छोट्या स्पंदांसाठी असतात, अखंड चालवण्यासाठी नसतात.

उष्णता

१९७० मध्ये लेनिनग्राडमधील अल्फेरोव्ह यांच्या गटाने आणि अमेरिकेत बेल लॅबमधील हायाशी व पॅनिश यांनी सामान्य तापमानाला अखंड चालणारे डायोड लेझर बनवले, तेव्हा सुरुवातीचे नमुने फार अल्पजीवी होते. १९७३ मध्ये बेल लॅबमध्येच या मृत्यूमागच्या काळ्या रेषा प्रकाश देणाऱ्या थरात पाहिल्या गेल्या: स्फटिकातील दोष उष्णतेने आणि पुनर्संयोगाच्या (इलेक्ट्रॉन व रिक्त जागा एकत्र येण्याच्या) ऊर्जेने पसरत जातात. आजचे स्फटिक कितीतरी शुद्ध आहेत, तरी दिशा तीच आहे. जंक्शनचे तापमान १० अंशांनी वाढले की आयुष्य साधारण निम्मे होते, हा अंदाज रचनेच्या पहिल्या फेरीसाठी पुरेसा आहे.

जंक्शनवर थर्मामीटर लावता येत नाही, परंतु तरंगलांबी तेच काम करते. लाल डायोडची तरंगलांबी दर अंशाला सुमारे ०.२ नॅनोमीटरने सरकते. उपकरण थंड असताना, लागल्याबरोबर, आणि तासभर चालल्यावर स्पेक्ट्रोमीटरने मोजमाप घ्यावे; ४ नॅनोमीटरची सरक म्हणजे जंक्शन २० अंशांनी तापले. धारक हाताला कोमट लागत असताना ही सरक मोठी निघाली, तर उष्णता चिपपासून डब्यापर्यंत पोहोचते पण पुढे धारकात शिरत नाही. ५.६ मिलिमीटरचा डायोड ढिल्या भोकात गोंदाने चिकटवलेला असणे हे त्याचे सर्वांत सामान्य कारण. पितळी किंवा ॲल्युमिनियमच्या धारकात तो घट्ट दाबून बसवावा, आणि संपर्क डब्याच्या जाड तळाच्या कडेने व्हावा. वरच्या पातळ टोपीतून उष्णता फारशी जात नाही.

परतणारा प्रकाश

आलेखात उड्या असतील तर समोरची प्रत्येक सपाट काच आडव्या अक्षाभोवती काही अंश तिरपी करावी आणि उड्या जागा बदलतात का ते पाहावे. बदलत असतील तर कारण सापडले. फायबरच्या सपाट टोकाचाही यात मोठा वाटा असतो. आठ अंशांनी घासलेले टोक वापरावे.

निळे आणि जांभळे डायोड

जपानी संशोधक शुजी नाकामुरा यांनी निचिया कंपनीत १९९६ मध्ये अखंड चालणारा नायट्राइड लेझर दाखवला, आणि आडव्या वाढीच्या तंत्राने स्फटिकातील विस्थापने (अणूंच्या रांगा सरकल्याने झालेले दोष) घटवून १९९७ मध्ये १०,००० तासांच्या अंदाजित आयुष्यापर्यंत मजल मारली. हे डायोड उष्णतेला लाल डायोडांपेक्षा बरेच सोशिक आहेत आणि त्यांची फॅसेटही सहजासहजी वितळत नाही. त्यांचा शत्रू हवेत असतो. ४०५ नॅनोमीटरच्या फोटॉनची ऊर्जा ३ इलेक्ट्रॉनव्होल्टहून अधिक असल्याने फॅसेटजवळ तरंगणारी सेंद्रिय वाफ तिथे फुटते आणि तिचा थर फॅसेटवर जमतो. वाफ सिलिकॉन रबराची असेल तर तो थर सिलिकाचा असतो. असाच प्रकार १९९० च्या दशकात फायबर ॲम्प्लिफायरसाठीच्या ९८० नॅनोमीटर लेझरांत सीलबंद डब्यातील सेंद्रिय अंशांमुळे आढळला होता, आणि डब्यातील वायूत ऑक्सिजन ठेवून तो आटोक्यात आला.

यावरून दोन गोष्टी ठरतात. अधिक प्रकाशासाठी निळ्या-जांभळ्या डायोडची टोपी कापून काढण्याची पद्धत ताबडतोब थांबवावी. आणि डबा शाबूत असला तरी बंद मॉड्यूलमध्ये हार्डवेअरच्या दुकानातील सिलिकॉन सीलंट वापरू नये, कारण डब्याची काच आणि पुढचे भिंग याच वाफेने धुरकट होतात. मग प्रकाश कमी झाल्याचे खापर निरपराध डायोडवर फुटते. भिंग बदलून प्रकाश परत येतो का, हे डायोड काढण्यापूर्वी पाहावे.

तरीही कारण सापडत नसेल तर

दोन नवे डायोड घ्यावेत आणि बसवण्यापूर्वी दोघांचे २५ व ५० अंशांना आलेख, १० मिलिॲम्पिअरचे व्होल्टेज आणि तरंगलांबी नोंदवावी. ही नोंद नसेल तर पुढच्या कोणत्याही मोजमापाला अर्थ राहत नाही. दोन्ही डायोड ५० अंशांवर ४८ तास चालवून पुन्हा मोजावेत. ज्याचा थ्रेशोल्ड पाच टक्क्यांहून अधिक सरकला तो बाजूला काढावा.

त्यानंतर पहिला डायोड यंत्रातील त्याच्या मूळ धारकात, मूळ भिंगामागे बसवावा, पण त्याला करंट मात्र दीड व्होल्टच्या तीन सेल आणि सुमारे ७५ ओहमच्या रोधकातून द्यावा. दुसरा डायोड यंत्राच्या मूळ ड्रायव्हरला आणि मूळ तारांना जोडावा, पण तो टेबलावर मोठ्या ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यात बसवावा आणि त्याच्यासमोर काहीही ठेवू नये. यंत्र नेहमीप्रमाणे चालू द्यावे आणि दोघांचा आलेख दर आठवड्याला घ्यावा. सेल उतरत गेले तर पहिल्याचा करंट रोधक बदलून पूर्ववत करावा. पहिला घसरला तर दोष धारकात किंवा भिंगाकडून परतणाऱ्या प्रकाशात आहे; दुसरा गेला तर दोष ड्रायव्हरमध्ये किंवा त्याच्या तारांच्या मार्गात आहे, आणि मग ऑसिलोस्कोपचे टोक डायोडच्या अगदी पायांवर लावून, शेजारची मोटार चालू-बंद करून पाहावी.